गाय, डुक्कर, उंदीर आणि माझी पाच वर्षं

पीएचडीचा व्हायवा 16 ऑक्टोबर 2025 ला पार पडला. तेव्हापासून तीन मुलांनी फोन करून एकच गोष्ट मागितली: "ताई, तुमचा तो जनावराशिवायचा प्रोटोकॉल पाठवता का?" प्रोटोकॉल, म्हणजे जनावरापासून काढलेलं काहीही न वापरता डोळ्याच्या पेशी लॅबमध्ये वाढवायची कृती, प्रबंधात आहे, साडेचार पानांचा. पण त्यासाठी किती फाइली, किती फोन आणि किती सडलेल्या डिश लागल्या, ते लिहायला प्रबंधात रकाना नसतो. म्हणून इथं लिहिते.

आधी विषय. डोळ्याचं बुबुळ जिथं संपतं आणि पांढरं सुरू होतं, त्या सीमेवर एक अरुंद गोल पट्टी असते. तिला लिंबस म्हणतात. (माझी आजी शेवटपर्यंत "लिंबावरची पीएचडी" म्हणत राहिली.) कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर रोज झिजतो, आणि त्याला नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी या पट्टीत राहतात. पट्टी जळाली की पुरवठा थांबतो. शिवाय बांध फुटावा तसं पांढऱ्या भागावरचं आवरण रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढायला लागतं. अशा डोळ्यात नुसता कॉर्निया बदलून भागत नाही, कारण नव्या कॉर्नियालाही पेशी पुरवायला कुणी उरलेलं नसतं.

आमच्या विदर्भात ही पट्टी जाळायचं सामान प्रत्येक पानठेल्यावर टांगलेलं असतं: खर्र्यात घालायचा चुना. 2018 च्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलानं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता, घरात पडलेली चुन्याची पुडी दोन्ही हातांनी दाबली. ती फुटली ती थेट उजव्या डोळ्यात. घाबरून घरच्यांनी डोळ्यावर ओला रुमाल बांधला आणि गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ चुना आत आत शिरत राहिला. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा: डोळ्यात चुना गेला तर आधी नळ, मग दवाखाना. पापण्या उघड्या धरून वीस-तीस मिनिटं धार सोडायची, चुन्याचे कण दिसले तर पाण्यानं वाहून जाऊ द्यायचे. दवाखाना कोपऱ्यावर असला तरीही आधी नळ.

भाच्यावर हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. तिथल्या बाकावर बसून मी मोबाइलवर या पेशींबद्दल वाचायला सुरुवात केली. तेव्हा मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते.

मी नवीन काही शोधलेलं नाही, हेही इथंच सांगून टाकते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या लिंबसच्या पेशी माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा बसवल्या त्या इटलीतल्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटानं, 1997 मध्ये. त्यांच्या पद्धतीत पेशींखाली उंदराच्या पेशींचा थर असायचा आणि खुराकात गाईच्या गर्भाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं द्रव. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत 2001 पासून दुसरी वाट धरली गेली. त्यांनी उंदराचा थर काढून टाकला आणि गाईच्या सीरमऐवजी रुग्णाचं स्वतःचं सीरम वापरलं. तिथल्या विरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अशा 200 रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब छापला, त्यात 71 टक्के डोळे स्थिर राहिले होते. म्हणजे रस्ता होता. त्या रस्त्यानं नागपूरच्या एका साध्या कॉलेजची लॅब जाऊ शकते का, एवढाच माझा प्रश्न.

खरं तर सुरुवातीला तोही नव्हता. फेब्रुवारी 2021 मध्ये आरआरसी, म्हणजे पीएचडीच्या विषयाला मान्यता देणाऱ्या समितीची बैठक, ऑनलाइन झाली, तेव्हा माझ्या सिनॉप्सिसमध्ये गाईचं सीरम होतं, डुकराचं ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) होतं, सगळं होतं. कारण ते आमच्या फ्रिजमध्ये आधीपासून होतं. आरआरसीत कुणी हूं की चूं केलं नाही. मग कोविडची दुसरी लाट आली आणि नागपुरात काय झालं ते इथल्यांना सांगायला नको. नेत्रदानं जवळजवळ थांबली होती, नेत्रपेढीत फोन उचलायलाही कुणी नसायचं.

9 ऑगस्ट 2021 ला एथिक्स कमिटीकडे अर्ज दिला. बैठक तीन महिन्यांतून एकदा. 22 ऑक्टोबरला मला बोलावलं. सात-आठ डॉक्टर, एक वकील, आणि नियमाप्रमाणे एक सामान्य सदस्य: निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरांनी सँपल साइज विचारला, वकिलांनी संमतीपत्राची तारीख. बाई शेवटी बोलल्या. "हे पुढं कधी पेशंटच्या डोळ्यात जायचं आहे ना? मग त्याला सांगणार का, की यात गाय आहे आणि डुक्कर आहे?"

मी म्हटलं, धुऊन काढतो आम्ही. त्या म्हणाल्या, "पूर्ण निघतं?"

पूर्ण निघत नाही. गाईगुरांच्या पेशींवर एक साखर असते, निऊ-5-जीसी नावाची. माणसाचं शरीर ती बनवत नाही, पण डिशमधल्या मानवी पेशी सीरममधून ती उचलून स्वतःच्या अंगावर लावून घेतात, आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटिबॉडी असतात. शिवाय मॅड काऊसारख्या रोगाच्या प्रथिनाची धास्ती आहे, ते उकळूनही जात नाही. अमेरिकेचं औषध नियामक एफडीए तर उंदराच्या जिवंत पेशींसोबत वाढलेल्या मानवी पेशींनाही झेनोट्रान्सप्लांटेशनच्याच, म्हणजे प्राण्याचे अवयव किंवा पेशी माणसात बसवण्याच्या, नियमांत बसवतं. हे सगळं मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आपल्या अर्जाला ते लागू होतं, हे मात्र त्या बाईंनी विचारेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, एवढंच म्हणाल्या: "प्रश्न बरोबर आहे. उत्तर महाग आहे."

अर्ज परत घेतला, पुन्हा लिहिला. कमिटीची दुसरी शंका आली: स्टेम सेल म्हटलं की आयसी-एससीआरची नोंद कुठं आहे? 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्टेम सेल संशोधनासाठी ही वेगळी संस्थास्तरीय समिती असते आणि ती आमच्या कॉलेजात नव्हती. दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जायचं तर सामंजस्य करार, कराराला स्टॅम्प पेपर, स्टॅम्प पेपरवर प्राचार्यांची सही, आणि प्राचार्य नॅकच्या तयारीत. हे करायचं असेल तर आयसी-एससीआरची चौकशी विषय ठरवायच्या आधी करा. माझे पाच महिने यात गेले. अंतिम परवानगी 11 मार्च 2022 ला हातात पडली.

संमतीपत्र मराठीत सहा वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात मी "कॉर्निओस्क्लेरल रिमचा संशोधनार्थ विनियोग" असं लिहिलं होतं. बाईंनीच ते लाल पेनानं खोडून वर लिहिलं: "तुमच्या माणसाच्या डोळ्याचा जो काठ कापल्यावर उरतो, तो आम्ही अभ्यासाला घेऊ का?" तेच छापलं. नेत्रदानाचा निर्णय घरच्यांना मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यायचा असतो. त्या वेळी विनियोग वगैरे कोण वाचणार.

मग लॅबमध्ये मी एक तक्ता केला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. डाव्या बाजूला प्रत्येक बाटलीचं नाव, उजवीकडं ती कुठून येते. आमचे लॅब अटेंडंट काका चित्रं छान काढतात. त्यांनी नावांपुढं गाय, डुक्कर, उंदीर काढून दिले आणि म्हणाले, "ताई, हे तर पोळ्याचं बोलावणं वाटून राहिलं." सीरम: कत्तलखान्यात आलेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराचं रक्त. ट्रिप्सिन: डुकराचं स्वादुपिंड. डिशला लावायचं जिलेटिन: डुकराचं कातडं. अल्ब्युमिन: गाय. खालचा थर: 1962 साली उंदराच्या गर्भातून काढलेल्या पेशींचे वंशज, ते आजही जगभर वाटले जातात. कोलॅजिनेज (ऊतीतले धागे विरघळवणारं एन्झाइम) जिवाणूंपासून मिळतं म्हणून मी त्यापुढं टिक केली होती. कंपनीला मेल केल्यावर कळलं की ते जिवाणू ज्या रश्श्यात वाढवतात त्यात जनावराची प्रथिनं असतात, आणि ती नसलेली ग्रेड वेगळ्या किमतीत मिळते. काकांनी टिक पुसून गाय काढली.

बाटलीवर "सीरम-फ्री" लिहिलेलं असलं म्हणजे जनावर नाही, असं अजिबात समजू नका. अशाच एका मीडियमसोबत, म्हणजे पेशींच्या तयार खुराकासोबत, छोटी कुपी येते, तिच्यात गाईच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क असतो. सीरम नाही हे खरंच आहे, गाय आहेच. "झेनो-फ्री" म्हणजे माणसाव्यतिरिक्त दुसऱ्या प्राण्याचं काही नाही, मानवी सीरम चालतं. कॅटलॉगवर विसंबू नका. कंपनीकडून उगमाचं लेखी प्रमाणपत्र मागवा, त्या विशिष्ट लॉटचं.

खरेदीचं थोडक्यात. असली रसायनं तेव्हा सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मिळत नव्हती. मिळत नाहीत याचा पोर्टलवरचाच रिपोर्ट काढावा लागायचा, तो फाइलला. एकच कंपनी बनवत असेल तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, तेही फाइलला. आमची फाइल लेखा विभागात असतानाच 18 जुलै 2022 उजाडला, संशोधन संस्थांना मिळणारा 5 टक्क्यांचा सवलतीचा जीएसटी त्या दिवसापासून गेला, आणि सगळी कोटेशनं नव्यानं मागवावी लागली. 100 मिलिलिटर मानवी एबी सीरमचं कोटेशन 38 हजारांचं होतं, माझी त्या वेळची फेलोशिप 31 हजार, तीही सहा-सहा महिन्यांनी. मॅडम म्हणाल्या होत्या तसं, उत्तर महाग होतं.

पहिली रिम 19 एप्रिल 2022 ला मिळाली. कॉर्निया रोपणात सर्जन दात्याच्या कॉर्नियाचा मधला साधारण 8 मिलिमीटरचा गोल कापून घेतात, उरलेला काठ टाकून द्यायचा असतो. त्या काठातच लिंबस. तो एमके मीडियम या साठवणीच्या द्रवाच्या छोट्या बाटलीत, 4 अंशाला, जेमतेम चार दिवस टिकतो. फोन कधीही यायचा. धंतोलीतून अमरावती रोडपर्यंत अ‍ॅक्टिव्हावर पायांमध्ये थर्माकोलचा डबा धरून मी किती फेऱ्या केल्या, मोजल्या नाहीत. बाटलीवर नाव नसतं, कोड असतो आणि वय. पहिलीवर 71 होतं. काच फ्लास्कसारखी स्वच्छ, तळाशी पारदर्शक अंगठी. डब्याचं झाकण लावताना मला उगीच आवाज न करता लावावंसं वाटलं. नंतर ही सवय गेली, आणि ती गेल्याचं लक्षात आलं त्या दिवशी थोडं वाईटही वाटलं.

काठ साफ करून, आयरिसचे (कॉर्नियामागच्या रंगीत पडद्याचे) चिकटलेले धागे काढून, एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि ते अम्नियनवर ठेवायचे. अम्नियन म्हणजे बाळाच्या वारेचं आतलं पातळ आवरण. ठरवून केलेल्या सिझेरियनमधून ते घेतात, आईची लेखी संमती आधी. तिच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या होतात, आणि सहा महिन्यांनी त्या पुन्हा करायच्या असतात. तोवर आवरण उणे 80 अंशात नजरकैदेत. मे 2022 मध्ये घेतलेली आवरणं नोव्हेंबरमध्ये सुटली. त्या सहा महिन्यांत मी जुन्या पद्धतीनं, गाईचं सीरम घालून, साध्या प्लास्टिकवर हात बसवला. हा काळ वाया गेला असं वाटतं, पण पुढं तुलना करायला तेवढंच होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुकड्याच्या कडेला पहिल्या पेशी सरकताना दिसतात. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी काकांना बोलावून मायक्रोस्कोप दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे त त्या आजोबांचं अजून चालू आहे म्हणा."

आता जनावरं काढायला घेतली. उंदीर सगळ्यात सोपा. तुकडा अम्नियनवर ठेवला की खालच्या थराची गरज पडत नाही. डुकराच्या ट्रिप्सिनच्या जागी सूक्ष्मजीवांत बनवलेलं एन्झाइम आलं, इन्सुलिन आणि ईजीएफ (पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) रिकॉम्बिनंट, म्हणजे जनावराऐवजी सूक्ष्मजीवांत बनवलेले, मिळतात. जिलेटिन लागेनासं झालं. डिसेंबरपर्यंत तक्त्यावर फक्त एक गाय उरली: सीरम.

38 हजारांचं सीरम परवडणार नव्हतं. पर्याय होता प्लेटलेट लायसेट. रक्तपेढीत प्लेटलेटची पिशवी पाच दिवस टिकते, मग टाकून देतात. ती गोठवायची, वितळवायची, असं दोन-तीन वेळा केलं की प्लेटलेट फुटतात आणि पेशींना वाढवणारे घटक पाण्यात उतरतात. रक्तपेढीशी बोलायचं तर हिवाळ्यात बोला. पावसाळा संपेपर्यंत नागपुरात डेंग्यू असतो, तेव्हा एकही पिशवी मुदत संपेपर्यंत पडून राहत नाही आणि मागायलाही लाज वाटते. मी जानेवारी 2023 मध्ये गेले. पत्र, एथिक्सची प्रत, पिशवीवरचा नंबर काढून टाकल्याची नोंद, आणि दहा पिशव्या मिळाल्या.

पहिल्याच दिवशी मीडियम बाटलीत खरवसासारखं थिजलं. लायसेटमध्ये फायब्रिनोजेन असतं आणि मीडियममध्ये कॅल्शियम, दोघं भेटले की गुठळी. वाचलं तर उपाय सोपा होता: थोडं हेपॅरिन घाला. मेडिकल चौकातल्या औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची बाटली आणली. गुठळी बंद. पेशी अशा वाढायला लागल्या की गाईच्या सीरमची आठवण येऊ नये. फेब्रुवारी ते जून, सात बॅच. मी मॅडमना न विचारता एका परिषदेसाठी गोषवाराही लिहून ठेवला.

जूनच्या शेवटी सहामाही प्रगती अहवालासाठी तक्ता नव्यानं लिहायला घेतला. हेपॅरिनच्या ओळीत "उगम" हा रकाना रिकामा होता. खोक्यातला कागद उलगडला. डुकराच्या आतड्याचं अस्तर.

दवाखान्यांत रोज वापरतात ते औषध, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की ते कुठून तरी येत असेल. गाय घालवायच्या नादात मी स्वतःच्या हातानं डुक्कर परत आणलं होतं आणि त्याला पाच महिने जपलं होतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग उठून दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "सातही बॅच वेगळ्या फाइलला. खोडायचं काही नाही." प्रबंधात त्या परिशिष्टात आहेत. गोषवारा डिलीट केला. त्या संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन एकटीनं दोन कणसं खाल्ली आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

उत्तर साधं निघालं, फक्त वेळखाऊ. गुठळी होऊ द्यायची नाही म्हणून हेपॅरिन घालण्याऐवजी ती आधीच होऊ द्यायची. लायसेटमध्ये कॅल्शियम क्लोराइड घालायचं, रात्रभर 4 अंशाला ठेवायचं, सकाळी जमलेला गोळा सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचा, वरचं द्रव गाळून वापरायचं. गोळा नीट निघाला नाही तर फिल्टर चोंदतो, आणि 0.22 मायक्रॉनचा एकेक फिल्टर पैसे घेतो. आधी जाड फिल्टर, मग बारीक. हे मला कुणी सांगितलं असतं तर चौदा फिल्टर वाचले असते.

यात दोन वर्षं कशी गेली ते सांगायचं तर नागपूरबद्दल बोलावं लागेल. सीओटू इन्क्युबेटर, म्हणजे पेशी ऊबेत ठेवायची पेटी, फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. 37 वर राहायचं तर खोली त्याच्यापेक्षा पाचेक अंशांनी तरी थंड हवी. मे 2023 मध्ये उन्हाळी सुट्टी लागली म्हणून कॉलेजनं इमारतीचे एसी बंद केले. बाहेर 44, खोलीत 38, इन्क्युबेटरचा आकडा 39.6, आणि अलार्म ऐकायला चौकीदार. दुसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन तरंगत होत्या. तेव्हापासून एप्रिलमध्येच प्राचार्यांच्या सहीचं पत्र इलेक्ट्रिशियनच्या खोलीत चिकटवत आले. आणि थंड पार्सल सोमवारीच निघेल असं पाहा. गुरुवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात घाम गाळतं. माझं एन्झाइम एकदा कोमट होऊन आलं, आणि कुरिअरवाला पोरगा डबा हलवून म्हणाला, "मॅडम, बर्फ तर होता निघताना."

23 सप्टेंबर 2023 ची पहाट इथल्यांच्या लक्षात आहेच. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, कोरडी. जनरेटर तळघरात. वीज तीस तास नव्हती. उणे 80 चं दार उघडायचं नाही म्हणून काका खुर्ची टेकवून त्याच्यासमोर बसले होते. अम्नियन वाचलं. पेशी गेल्या. कॉलनीतल्या लोकांच्या घरातला गाळ पाहून आल्यावर डिशबद्दल रडायची हिंमत झाली नाही.

2024 च्या पावसाळ्यात बुरशी. जुलैपासून एकामागून एक डिशमध्ये पांढरा कापूस. जनावराचं सीरम नाही म्हणून बुरशीला कमी आवडेल, असला काही न्याय नसतो. मी हूड पुसला, इन्क्युबेटर उकळला, अँटिफंगल बदललं, रिम धुण्याच्या पायऱ्या वाढवल्या. 3 सप्टेंबरला मारबत, पोळ्यानंतर नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. पार्सल घेऊन येणारी गाडी इतवारीतल्या मिरवणुकीत अडकली म्हणून मीच चालत निघाले. काळी-पिवळी मारबत जाताना सगळे ओरडत होते, "इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडले: "कंटॅमिनेशन घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या काकूंनी विचारलं, हा कोणता नवा ताप आला? दोन दिवसांनी काकांना वॉटर बाथच्या तळाशी शेवाळासारखं काहीतरी सापडलं. मीडियमच्या बाटल्या आम्ही त्यातच कोमट करायचो. मारबतीला श्रेय द्यायचं की काकांना, यावर लॅबमध्ये मतभेद आहेत. वॉटर बाथ आठवड्याला रिकामा करा, आणि बाटली बाहेर काढल्यावर मानेपर्यंत स्पिरिटनं पुसा.

शेवटच्या बॅच नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025. एकूण 41 रिम आल्या, त्यातल्या शेवटच्या 13 पूर्ण झेनो-फ्री पद्धतीनं केल्या, त्यातल्या 9 वाढल्या. गाईच्या सीरममध्ये डिश साधारण बाराव्या दिवशी भरायची, इथं पंधरा ते अठरा दिवस लागले. हळू आहे. प्रबंधात तसंच लिहिलं. या पेशी कुणाच्या डोळ्यात गेल्या नाहीत, जाणारही नव्हत्या. त्यासाठी जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाची स्वच्छ खोली लागते आणि केंद्रीय औषध नियामकाची परवानगी. आमच्याकडं एसी सुरू ठेवायलाच पत्र लागतं. फोटो, डाग देऊन मोजणी, मग ऑटोक्लेव्ह आणि पिवळी पिशवी.

एप्रिलमध्ये प्रबंध दिला, ऑक्टोबरमध्ये व्हायवा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलंच विचारलं: "पी63 मोजायला तुम्ही उंदराची अँटिबॉडी वापरलीत. मग हे झेनो-फ्री कसं?" पी63 म्हणजे मूळपेशी ओळखायची खूण असलेलं प्रथिन. याची तयारी होती. तपासणीच्या पेशी मारून पक्क्या केलेल्या असतात, त्या रोपणाला जात नाहीत. दुसऱ्या प्रश्नाची तयारी असूनही नव्हती. "स्लेट असताना हे सगळं कशाला?"

स्लेट म्हणजे हैदराबादलाच 2012 मध्ये मांडलेली सोपी पद्धत. चांगल्या डोळ्याच्या लिंबसचा दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे आठ-दहा कण करतात आणि अम्नियनवर ग्लूनं थेट जखमी डोळ्यातच चिकटवतात. पेशी डोळ्यातच वाढतात. लॅब नाही, इन्क्युबेटर नाही. माझ्या भाच्यावर 2018 मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली होती. तो आता बॅडमिंटन खेळतो. माझ्या पाच वर्षांच्या कामाची त्याला कधी गरजच नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी सांगितलं ते असं: दोन्ही डोळे जळाले की स्वतःचा तुकडा घ्यायला जागाच नसते, मग दुसऱ्याच्या पेशी लागतात. आणि डिशमध्ये वाढवलं तर डोळ्यात घालण्याआधी पेशी तपासता येतात. इटलीच्या गटानं 2010 मध्ये 112 रुग्णांचे निकाल दिले, त्यात पी63 ठळक असलेल्या पेशी 3 टक्क्यांहून जास्त होत्या तिथं 78 टक्के यश होतं, त्याहून कमी तिथं 11 टक्के. स्लेटमध्ये हे मोजता येत नाही. परीक्षकांनी मान हलवली. पटलं म्हणून की वेळ संपली म्हणून, ते कळलं नाही. मॅडमनी संत्रा बर्फीचा डबा उघडला.

बाईंना पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांना तो प्रश्न आठवत नव्हता. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "मग? निघालं का डुक्कर?" मी त्यांना हेपॅरिनची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की सुनेनं आतून पाणी आणून दिलं.

तक्ता मी काढून आणणार होते, पण आता लॅबमध्ये नवी मुलगी आली आहे, ती म्हणाली राहू द्या. काल रात्री साडेदहाला तिचा फोन आला.

"ताई, डिशच्या प्लास्टिकमध्ये स्टिअरेट असतं ना, ते चरबीपासून काढतात म्हणे. जनावराच्या. मग तक्त्यात काय लिहू?"

मी म्हटलं, गाय पेन्सिलनं काढ. आणि कंपनीला मेल कर, लॉट नंबर घालून.

"आत्ताच करू?"

"सोमवारी कर."